भांड्यात काय पडतं ते आधी बघा

नाजूक पोटाच्या कुत्र्यांचा प्रश्न कोकणातल्या आमच्या तळा गावात वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, मे महिन्यात आणि गणपतीत. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी हायवे सोडून इंदापूरहून आत वळतात. मागच्या सीटवर लॅब्रॅडॉर, नाहीतर पग असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला हगवण लागते आणि घरचे शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्या ब्रुनोचं पोट फार नाजूक आहे हो." शेजारचा गावठी मात्र तोच भात, तीच माशाची मुंडकी आणि तेच खरवडलेलं कालवण खाऊन ओट्यावर पाय ताणून झोपलेला असतो.

हा फरक जातीचा आहे, सवयीचा आहे, रोगाचा आहे की घरातल्या सढळ हातांचा? यावर गेल्या वीसेक वर्षांत जगभर बरंच काम झालं आहे. त्यातलं आपल्या कोकणी घराला किती लागू पडतं, ते इथे तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. ज्यांना नाजूक पोटाचे म्हणतात, त्यांच्यातल्या पुष्कळांचं पोट ठणठणीत असतं. दिवसभरात त्यांच्या तोंडात काय काय जातं याचा हिशेब घरात कुणाकडे नसतो, इतकंच. उरलेले थोडे खरोखरच आजारी असतात. त्यांना खाद्याच्या महागड्या पोत्यापेक्षा निदानाची गरज असते.

सुरुवात भातापासून करू, कारण आरोप सर्वांत आधी त्याच्यावरच होतो. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला मांसच हवं, भात-भाकरी त्याच्या पोटाला सोसत नाही, हे आता शहरातल्या हौशी मंडळींकडून गावातही पोचलं आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना छापली. स्वादुपिंडातून पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर जगता जगता कुत्र्याचं आतडंही शेतकऱ्याचं झालं. युरोपातल्या जुन्या हाडांवरून हा बदल निदान सात हजार वर्षांमागे जातो. ज्यांच्या माणसांनी शेती केली नाही ते कुत्रे, म्हणजे सैबेरियन हस्की आणि ऑस्ट्रेलियाचा डिंगो, या प्रतींच्या बाबतीत अजून लांडग्याच्या जवळ आहेत. तेव्हा खाचरात भात पिकवणाऱ्या तळ्यातल्या कुत्र्याला भात चालतो का, हा प्रश्न मिटल्यात जमा आहे. नीट शिजलेला मऊ भात त्याला चांगला पचतो. हस्की पाळणाऱ्याने मात्र थोडं जपून.

कोलकात्याच्या 'आयसर'मध्ये अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं निरीक्षणं केली आहेत. हे कुत्रे पोट भरतात ते मुख्यतः आपल्या उरल्यासुरल्या भात-पोळीवर. पण निवडायची संधी मिळाली तर मांसाचा वास येईल ते आधी खातात. आपल्या दारातल्या कुत्र्याचं यापेक्षा अचूक वर्णन मी वाचलेलं नाही. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. गावठी कुत्रा दगड पचवतो असं कौतुकाने म्हणताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. ओट्यावर झोपलेला तो गावठी हा मागे राहिलेल्यांतला एक आहे. त्याची नाजूक पोटाची भावंडं पहिल्याच पावसाळ्यात गेली, त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. शिवाय जो उरला त्याच्या पोटात जंत नाहीत, हे त्याच्या झोपेवरून कळत नाही.

आता गणपतीचं घर बघा. घरात पंधरा माणसं, त्यातली सात-आठ कुत्र्याला काहीतरी भरवणारी. सकाळी पोळीचा तुकडा आणि दूध. आजी मोदक देते, म्हणजे ओलं खोबरं, गूळ आणि वर तूप. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे. गौरीला तिखटाचा नैवेद्य करणाऱ्या घरांत मटण-वडे; मग हाडं, चरबी, रश्श्यात कालवलेला भात. रात्री मुलांच्या हातचं बिस्किट. ब्रुनो एरवी मुंबईत दोन वेळा मोजून कोरडं खाद्य खाणारा! कुत्र्याच्या मोठ्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती रोजच्या अन्नाला सरावलेली असते. ते अन्न एका दिवसात बदललं तर न पचलेली साखर आणि चरबी खाली उतरते, पाणी ओढून घेते आणि पोट ढासळतं. म्हणून खाद्य बदलायचं तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत बदला असं सांगतात. गावी येताना कुत्र्याचं नेहमीचं खाद्य डब्यात भरून आणणं आणि घरातल्या भरवणाऱ्यांपैकी एकच माणूस नेमणं, एवढ्यावर गणपतीतली निम्मी नाजूक पोटं बरी होतील, असं मला वाटतं. ते एकच माणूस नेमणं मात्र आजीसमोर सोपं नाही.

यातल्या काही गोष्टी नुसत्या जड नाहीत, घातक आहेत. मटणाची चरबी, कोंबडीची कातडी, तळणीचं तेल असं भरपूर एकदम पोटात गेलं की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा वारंवार ओकतो, पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग वर धरतो, पोटाला हात लावू देत नाही. हे अजीर्ण नव्हे, यात जीव जाऊ शकतो. बकरी ईदेच्या दुसऱ्या दिवशीही हेच दिसतं. चरबीला धर्म नाही. शिजलेली हाडं तडकून टोकदार होतात. बेदाणे आणि द्राक्षं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि किती खाल्ले तर चालतात याला भरवशाचं माप नाही. कांद्याचं माप आहे: वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो, आणि रोज थोडा थोडा पोटात गेला तरी परिणाम साठत जातो. आपल्या जिल्ह्याच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो गोड आहे, तिखट लागत नाही, पण म्हणून कुत्र्याला चालतो असं नाही. शिजवल्यानेही कांद्याचं विष जात नाही, तेव्हा वाटपाचा रस्सा भातावर ओतणं बंद.

मे महिन्याचा गुन्हेगार वेगळा, आंब्याची कोय. चोखून फेकलेली कोय लॅब्रॅडॉर अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते. दोन दिवस ओकाऱ्या, खाणं बंद, शौच बंद. घरी मात्र "उन्हाचं पोट बिघडलंय" म्हणून ताक पाजणं चालू. अशा वेळी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करावी लागते आणि बऱ्याचदा पोट उघडावं लागतं. लॅब्रॅडॉरच्या या हावरेपणाला थोडं जनुकीय कारणही सापडलं आहे. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांनी २०१६ साली दाखवलं, की जवळपास चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. या कुत्र्याला "पुरे" कळत नाही. त्याच्यापुढे कोय टाकू नका, एवढंच आपल्या हातात.

मासळीबद्दल कोकणात मतं ठाम असतात आणि त्यातली बरीच बरोबरही असतात. मांदाडच्या खाडीपासून तळा जवळ, त्यामुळे सुकट आणि बोंबील कुत्र्याच्या भातात पडणारच. सुका बोंबील साधारणपणे वलांडीवर मिठाशिवाय वाळवतात, म्हणून तो भिजवून, शिजवून, काटे बघून दिला तर पचायला वाईट नाही. खारवलेला बांगडा वेगळा. त्यातलं मीठ जुलाब लागलेल्या कुत्र्याला आणखी सुकवतं. कच्ची तारली रोज घालणारी घरं आहेत. तारलीच्या कुळातल्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. तेव्हा मासा शिजवून द्यावा, आणि उन्हात राहिलेला बांगडा माणसाला जसा बाधतो तसा कुत्र्यालाही बाधतो हे लक्षात ठेवावं.

दुधाचा प्रश्न थोडक्यात. दूध सुटल्यावर बहुतेक कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं. काहींना वाटीभर दूध सोसतं, काहींना चार चमचेही नाही. म्हशीचं दूध त्यात चरबीनेही जड. दह्यात ही साखर थोडी कमी असते, म्हणून भातात चमचाभर दही पुष्कळांना चालतं. मात्र त्याला औषध समजू नये.

आणि गवत. कुत्रा गवत खाऊ लागला की "पोट साफ करतोय" असं आपण म्हणतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी २००८ साली दीड हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना विचारून पाहिलं. गवत खाण्याआधी आजारी दिसणारे कुत्रे दहातला एकही नव्हते, आणि खाल्ल्यावर ओकणारे पाचातला एक. निरोगी कुत्रेही गवत खातात. भातशेतीच्या बांधावरचं, फवारलेलं गवत तेवढं टाळावं.

आता खरा कोकणी पेच: पाऊस. तळ्यात जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते, तशी ती खाद्याच्या पोत्यालाही येते. स्वस्त पडतं म्हणून पंधरा-वीस किलोचं पोतं आणायचं, तोंड दुमडून कोपऱ्यात ठेवायचं आणि दोन महिने पुरवायचं, ही रीत घाटावर कदाचित खपेल. इथे चरबी खवट होते आणि मका-शेंगदाण्यासारख्या घटकांवर अफलाटॉक्सिन तयार करणाऱ्या बुरशीचा धोका वाढतो. हे विष यकृतावर जातं. याचं आपल्या देशातलं दुःखद उदाहरण १९७४ सालचं आहे. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसटलेला मका खाऊन यकृताच्या आजाराची साथ आली, शंभरावर माणसं दगावली. त्याच घरांतले, तेच अन्न खाणारे कुत्रेही कावीळ होऊन मेले. २०२०-२१च्या हिवाळ्यात अमेरिकेत एका कंपनीच्या कोरड्या खाद्यातल्या अफलाटॉक्सिनने शंभराहून अधिक कुत्रे गेले. पावसाळ्यात लहान पाकीट घ्यावं, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, आणि कुत्र्याने एरवी आवडीचं खाद्य अचानक नाकारलं तर त्याचं ऐकावं.

पावसाचा दुसरा वाटेकरी म्हणजे जंत. अंकुशकृमीची अंडी ओल्या, उबदार मातीत फुटतात, अळ्या पायाच्या कातडीतूनही शिरतात, आणि कुत्रीच्या दुधातून पिल्लांत उतरतात. आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या या जंतांमुळे पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात आणि शौच काळं होतं. जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव विहिरीच्या किंवा डबक्याच्या पाण्यातून येतो आणि महिनोन् महिने मधूनमधून पातळ शौच लावून ठेवतो. "याचं पोट नेहमीच असं" म्हणून सोडून दिलेल्या कुत्र्याचं शौच एकदा सूक्ष्मदर्शकाखाली घातलं, तर उत्तर तिथेच सापडण्याची शक्यता बरीच असते. खाद्य बदलण्याआधी ही तपासणी व्हावी, हे मी आग्रहाने सांगेन. पोत्यांवर हजारो रुपये घालवून शेवटी पाच-पन्नास रुपयांच्या जंताच्या गोळीने प्रश्न सुटल्याच्या कहाण्या पशुवैद्यांकडे हव्या तेवढ्या मिळतात. एक अपवाद इथेच नोंदवतो. लस न घेतलेल्या पिल्लाला रक्ताची, दुर्गंधीयुक्त हगवण आणि ओकाऱ्या लागल्या, तर घरच्या उपायांत एक दिवसही घालवू नका. १९७८मध्ये जगभर पसरलेला पार्वो विषाणू आजही पिल्लं मारतो.

घरात पहिलं निदान डोळ्यांनी होतं, आणि ते किळस न करता करायचं. शौच भरपूर, पाणचट, दिवसातून तीन-चार वेळा आणि कुत्रा वाळत चाललेला, तर दोष बहुधा लहान आतड्यात. थोडं थोडं, दहा वेळा, कुंथून, आव पडलेलं आणि शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब, तर तो मोठ्या आतड्यात. पहिल्यात चरबी कमी आणि पचायला हलकं अन्न हवं. दुसऱ्याला बऱ्याचदा चोथा लागू पडतो. इसबगोलाची भुशी, उकडलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं या आपल्याच स्वयंपाकघरातल्या गोष्टी. अमेरिकेत मायकेल लाइब यांनी २००० साली मोठ्या आतड्याच्या जुनाट हगवणीच्या ३७ कुत्र्यांना सहज पचणाऱ्या अन्नात इसबगोल घालून दिलं आणि बहुतेकांत चांगला गुण आला. पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकून नंतर आनंदाने खेळणाऱ्या कुत्र्याला तर कित्येकदा रात्री झोपताना मूठभर खाणं मिळालं की पुरतं.

साध्या हगवणीला काय द्यायचं? जुनी रीत चोवीस तास उपाशी ठेवण्याची. आता मत उलटलं आहे, कारण आतड्याच्या आतल्या पेशी आपलं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. दक्षिण आफ्रिकेत २००३ साली पार्वो झालेल्या कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात लवकर अन्न दिलेले कुत्रे उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरले. ओकारी थांबली की थोडं थोडं, चार वेळा. एका वाटी तांदळाला चार-पाच वाट्या पाणी घालून मऊ, पेजेसारखा भात करायचा. शेजारच्या पातेल्यात कातडी काढलेलं, बिनहाडाचं कोंबडीचं मांस नुसत्या पाण्यात शिजवायचं. वर तरंगणारी चरबी गार झाल्यावर पळीने काढून टाकायची. मांस हाताने बारीक तोडून एक भाग, भात दोन-तीन भाग, वर तेच पाणी. हळद-मीठ-लसूण काही नाही, तूपही नाही. घरातल्या कुणाला हे बघवत नाही आणि गुपचूप फोडणीचा चमचा पडतो, तेवढा पाडू देऊ नये. तीन दिवसांत शौच बांधून आलं की हळूहळू नेहमीच्या अन्नावर यायचं.

जुलाब लागले की मेट्रोनिडाझोलची गोळी मागायची सवय माणसांतून कुत्र्यांत आली. २०२०मधल्या एका अमेरिकी चाचणीत गोळी घेतलेल्यांचं शौच सरासरी दोन दिवसांत, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांचं साडेतीन दिवसांत सुधारलं. दीड दिवसाचा हा फायदा. त्यासाठी आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची वस्ती चार आठवड्यांनंतरही पुरती सावरत नाही, असं निरोगी कुत्र्यांवरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं. हा सौदा मला पटत नाही. जिआर्डिया किंवा इतर ठोस कारण असेल तर गोष्ट वेगळी.

तीन आठवड्यांहून जास्त चाललेली, येत-जात राहणारी हगवण म्हणजे जुनाट प्रकार. जंत आणि इतर अवयवांचे रोग बाजूला काढल्यावर अशा कुत्र्यांतला निम्मा किंवा त्याहून मोठा गट फक्त अन्न बदलून बरा होतो, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्यासाठी कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, दुसरं काहीही नाही, अशी चाचणी करतात. पोटाचा फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. कातडीची खाज असेल तर आठ आठवडे लागतात. मग जुनं अन्न परत द्यायचं. पोट पुन्हा बिघडलं तरच गुन्हा सिद्ध. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

इथे परदेशी यादी आपल्या घरातून वाचावी लागते. म्युलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो यांनी २०१६ साली अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या: गोमांस ३४ टक्के, दूध-दुभतं १७, कोंबडी १५, गहू १३, मासा आणि तांदूळ दोन-दोन टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ गोमांस मुळात वाईट असा नाही. त्या देशांतले कुत्रे ते सर्वाधिक खातात, म्हणून त्याची ॲलर्जी सर्वाधिक. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाचंही मांस बंद आहे. आपल्या कुत्र्याच्या आयुष्यात दूध, कोंबडी आणि पोळी हेच रोजचे. तेव्हा इथे पहिला संशय त्यांच्यावर घ्यायला हवा. कोरड्या खाद्याच्या बऱ्याच पाकिटांत कोंबडी असतेच, पुढे कोकराचं चित्र असलं तरी मागे बारीक अक्षरांत कोंबडीची चरबी सापडते. आणि पाकिटावर न लिहिलेली प्रथिनंही खाद्यात निघाल्याचं परदेशी तपासण्यांत आढळलं आहे.

याहून मजेचा भाग पुढचा. शहरातले डॉक्टर "मासा आणि बटाटा" असं खास खाद्य लिहून देतात, कारण युरोपातल्या कुत्र्याला मासा नवा असतो. सुकटीवर वाढलेल्या तळ्यातल्या कुत्र्याला त्यात नवं ते काय? त्याच्यासाठी नवं म्हणजे कदाचित बोकडाचं मांस, चरबी काढलेलं, ज्याने ते आधी चाखलेलं नसेल त्याला. उलट दूध-पोळीवर वाढलेल्या शाकाहारी घरातल्या कुत्र्याला मासा हे अगदी कोरं प्रथिन आहे. ते घरात शिजेल का, हा प्रश्न त्या घराचा. जन्मापासून काय काय खाल्लं याची यादी घरच्या म्हाताऱ्या माणसांसह बसून करावी लागते, आणि ती यादी कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा मोलाची असते. आठवतच नसेल तर प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं, शरीराला ओळखू न येणारं औषधी खाद्य हा महाग पण सुटसुटीत मार्ग. चाचणीच्या काळात मांसाच्या चवीची जंताची गोळीही चालत नाही, आणि अंगणातला उकिरडा तर मुळीच नाही. गावात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याची ही चाचणी फसते ती इथे. दोन आठवडे तरी दोरी किंवा दार, दोन्हींपैकी एक हवं.

घरचं की पोत्यातलं? हा वाद दीडशे वर्षांचा आहे. जेम्स स्प्रॅटने १८६०च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. अमेरिकेत मार्क मॉरिस या पशुवैद्याने १९३९मध्ये बडी नावाच्या, अंध मालकाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यासाठी मूत्रपिंडाला झेपेल असं अन्न बनवलं. आजचं औषधी खाद्य त्यातून वाढलं. घरच्या अन्नाची बाजू मला मनापासून आवडते, पण आकडे तिच्या विरुद्ध आहेत. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१३ साली पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. १९० पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता.

आपला हिशेब करून बघू. वीस किलोच्या, साधारण हालचालीच्या कुत्र्याला दिवसाला हजारेक किलोकॅलरी लागतात. अर्धा किलो शिजलेला भात म्हणजे सुमारे ६५०, दोनशे ग्रॅम उकडलेलं कोंबडीचं मांस म्हणजे ३३०. बेरीज जवळपास जमली. पोट भरलं, शौचही छान. पण या ताटात कॅल्शियम ऐंशी मिलिग्रॅमच्या घरात, आणि लागतं हजारेक मिलिग्रॅम. जुलाबासाठी तीन दिवस हे ताट उत्तम. "त्याला हेच मानवतं" म्हणून वर्षभर चाललं तर हाडं पोकळ होतात, आणि वाढत्या पिल्लाचे पाय काही आठवड्यांतच वाकतात. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, पिठासारखं दळलेलं अर्धा चमचा रोज घातलं तर कॅल्शियमची बरीच भर पडते. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं उरतातच, म्हणून कायमचं घरचं द्यायचं तर पशुवैद्याकडून मात्रेसह मिश्रण लिहून घ्यावं. दुसऱ्या टोकाला 'धान्यविरहित' पोत्यांची फॅशन. मसूर-वाटाण्यांवर बेतलेल्या या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८मध्ये जाहीर केली. डिसेंबर २०२२पर्यंत कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. सिद्ध झाला नसला तरी भात पचवणाऱ्या कुत्र्याला धान्य सोडायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही.

जातींचं वेगळं थोडं आहे. ग्लूटेनने आतडं बिघडण्याचा वारसा आयरिश सेटरच्या काही कुळांत पक्का सिद्ध झाला. गव्हाला सरसकट दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मिनिएचर श्नाउझरच्या रक्तातच चरबी जास्त, त्याला गौरीचं मटण म्हणजे संकट. जर्मन शेफर्डमध्ये तरुणपणी स्वादुपिंडाची पाचक रसांची ग्रंथी झिजण्याचा रोग आढळतो. कुत्रा बकाबका खातो, ढीगभर फिकट, तेलकट शौच करतो, स्वतःचीही विष्ठा खातो आणि तरी बरगड्या मोजता येतात. लोक त्याला हावरा म्हणतात. रक्ताच्या एका चाचणीत रोग कळतो आणि दर जेवणात पाचक विकरांची भुकटी मिसळली की कुत्रा भरून येतो. भुकटी मिळाली नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने खाटकाकडून ताजं स्वादुपिंड आणून कच्चंच, बारीक करून मिसळण्याची जुनी पद्धत आजही मान्य आहे.

तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी, पण शौच तपासणं, जंताचं औषध आणि सलाईन ही कामं तिथे होऊ शकतात. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. एंडोस्कोपी किंवा ब-१२ची रक्ततपासणी लागली तर पनवेल-मुंबई गाठावी लागते. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून तिथे आहे. कुठेही गेलात तरी सोबत चार गोष्टी असू द्या: त्याच सकाळचं शौच स्वच्छ बाटलीत, खाद्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो, मागच्या दोन आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाने काय काय भरवलं त्याची यादी, आणि जंताची शेवटची गोळी कधी व कोणती दिली ते. यादीत आजीचे मोदकही लिहा.